मिरचीची शिंक

लग्न होऊन मी लोणखेड्याहून नंदुरबारला आले ती उंबऱ्यावरच शिंकले. माप ओलांडायला पाय उचलला आणि फटाक्‌कन शिंक. एक नाही, चांगल्या तीन. वरातीतल्या बायका चिडीचूप झाल्या. माझ्या आईनं निघताना पन्नास गोष्टी बजावल्या होत्या, पण उंबऱ्यावर शिंकू नकोस हे सांगायचं तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता काय, ही सून अपशकुनी ठरली, असं मनात येतंय तोच आतल्या दारामागून खणखणीत आवाज आला, "मिरचीनी शिंक शे ती! मिरचीनी शिंक धरतस नही. ये व पोरी, आत ये." सगळ्या खो खो हसल्या आणि मी माप ओलांडलं.

तो आवाज फुईचा. फुई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आली, आणि पुढं माझी सासू वारली तेव्हा आमच्या ह्यांना तिनंच लहानाचं मोठं केलं. विधवा म्हणून शुभकार्यात पुढं यायची तिला मुभा नव्हती, म्हणून ती दारामागं उभी होती. नावाला फुई, पण माझी सासू तीच. मी चार इयत्ता शिकलेली, त्यामुळे लिहायला बसले की पुस्तकी लिहिते. पण फुईचं बोलणं पुस्तकी केलं तर ती वरून खाली येऊन माझा कान पिळेल, म्हणून तिचं तिला ठेवते.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. तेव्हाही गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या होत्या. पथारी म्हणजे मोकळं मैदान आणि त्यावर वाळत घातलेली लाल मिरची. दिवाळीपासून होळीपर्यंत वारं सुटलं की सगळं गाव शिंकायचं. नवरदेव शिंकायचा, भटजी शिंकायचे, गाडी जुंपताना बैलसुद्धा फुरफुरायचे. प्रत्येक शिंकेला अपशकुन धरला असता तर गावात एक लग्न लागलं नसतं. म्हणून गावानं आपल्यापुरती तोड काढली होती, की हंगामात शिंक धरायची नाही. चांगली तोड होती. पण तिच्यामुळे एक खोड लागली. नाकाला काहीही झालं की सगळे मिरचीकडे बोट दाखवून मोकळे व्हायचे. त्या खोडीपायी आमच्या फुईचे काय हाल झाले, तेच सांगायचंय.

फुई पथारीवर देठ खुडणाऱ्या बायकांची मुकादमीण होती. पण तिची खरी पत नाकाची. वरून खडखडीत वाळलेल्या ढिगात ती कोपरापर्यंत हात घालायची, तळातली मूठभर मिरची काढायची, डोळे मिटून हुंगायची. "भरा," म्हणाली की पोती भरायची. "आतून वली शे," म्हणाली की सगळा ढीग पुन्हा पसरायचा, मग कोणी कितीही कुरकुर करो. ओली मिरची पोत्यात गेली की आठ-दहा दिवसांत काळी पडते, बुरशी धरते. पथारीचे शेठ मारवाडाकडचे, बापजाद्यापासून व्यापारात मुरलेले, पण फुईनं हुंगल्याशिवाय तेही पोतं शिवू देत नसत. जिला मांडवात पुढं उभं राहता येत नव्हतं तिच्या एका शब्दासाठी तिथं दहा पुरुष ताटकळायचे. मला ते बघायला फार आवडायचं.

घरात मात्र त्या नाकानं माझ्या नाकी नऊ आणले. ओसरीवर बसून ती चुलीवरच्या भाजीत हिंग पडला की नाही ते सांगायची. दूध उतू जायच्या आधी ओरडायची. मी चोरून माहेरचं अत्तर लावलं तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायची, "कोनं लगीन शे व आज?" मीही काही गरीब गाय नव्हते. एक दिवस म्हटलं, "फुई, तुमचं हे नाक आहे की पोलीसपाटील?" दुसऱ्या कुठल्या घरात सुनेनं असं म्हटलं असतं तर गोवऱ्या फेकून मारल्या असत्या. फुई पोट धरधरून हसली, आणि संध्याकाळी पथारीवरच्या बायकांनाही सांगून आली.

माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर घरात सगळ्यांना पडसं झालं. आमचं आठ दिवसांत गेलं, फुईचं राहिलं. तेही एकाच बाजूचं. डावी नाकपुडी चोंदलेली, डाव्या डोळ्याखाली ठणका, आणि मधूनच घट्ट पिवळं काहीतरी यायचं. तिनं लुगड्याच्या पदराला पुसलं आणि कामाला गेली. आजारी पडणं तिला कमीपणाचं वाटायचं.

मग एक दिवस घरी येऊन तिनं जाहीर केलं, "घरमा उंदीर मरेल शे."

मला तर कसलाच वास येत नव्हता. पण फुईचं नाक म्हटल्यावर कोण वाद घालणार? मी कणग्या सरकवल्या, उतरंड उतरवली, गोवऱ्यांचा ढीग उपसला. हे माळ्यावर चढून कौलं चाचपून आले. उंदीर नाही. "तुले वास येत नही? तुन्हं नाक शे का दगड?" असं म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं करायला लावलं. तिसऱ्या दिवशी मी घमेलं आपटलं आणि म्हटलं, उंदीर तुम्हीच शोधा, मी माहेरी निघाले. आज आठवलं की हसूही येतं आणि रडूही. काखेत कळसा नि गावाला वळसा! तिसऱ्या दिवशी तिला स्वतःलाच कळलं, की पथारीवर गेलं तरी तो वास बरोबर येतोय. त्या संध्याकाळी तिनं जेवायला बसताना आपलं ताट आमच्यापासून लांब, दाराजवळ नेलं.

दुसऱ्या कशाचाच वास तिला येत नव्हता, हे तिनं आमच्यापासून पंधरा दिवस लपवलं. मी हिंग विसरले तरी ओसरी गप्प. मला आधी वाटलं, फुई निवळली. मग एका सकाळी पथारीवर गलका झाला. तिनं "भरा" म्हटलेली पोती उघडली तर मिरची काळी पडलेली, वरून पांढरी बुरशी. शेठ रागावले नाहीत, तेच वाईट झालं. "फुईजी, थोडे दिवस आराम करा," एवढंच म्हणाले. ती घरी आली ती भर दुपारी पाठ फिरवून निजली. तिला दुपारी निजलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मग काय, उपायांची जत्राच भरली. ओव्याची पुरचुंडी झाली, सुंठीचा लेप झाला, हळदीची धुरी झाली, नाकात कोमट तूप झालं. पाण्याच्या वाफेनं दोन घटका बरं वाटायचं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पेठेत सुरतेकडचा एक डॉक्टर होता, त्यानं नाकात सोडायला औषध दिलं आणि वर तेच सांगितलं जे पाणक्यापासून शेजारणीपर्यंत सगळे सांगत होते. मिरची सोडा.

फुई म्हणाली, तिला वाकून मिरचीला बसलं की जास्त होतं हे खरं. वाकलं की डोळ्याखाली ठणका, वाकलं की धार. म्हणजे तर ठरलंच! आमच्या ह्यांनी धानोऱ्याला तिच्या चुलतभावाच्या मळ्यात तिला धाडायचं ठरवलं. माणूस मुळात मायाळू, आईसारखी आत्या डोळ्यांदेखत वाळत चाललेली त्यांना पाहवत नव्हती. म्हणाले, होळीपर्यंत मोकळ्या हवेत राहू दे, फरक पडला म्हणजे मिरचीचाच दोष, मग पथारी कायमची बंद. फुई गाडीत बसली. बाकी कोणाशी बोलली नाही, पण मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "बरी व्हयनू तरी मन्ही मिरची गयी, नही व्हयनू तरी गयी. मंग मी बरी कसाले व्हऊ व?"

गाडी गेल्यावर मी ह्यांच्यावर विनाकारण डाफरले आणि चुलीपुढं बसून रडले. घरात आता कोणी माझ्या भाजीला नावं ठेवणार नव्हतं, आणि मला ते सहन होत नव्हतं.

महिन्याभरानं मी लाडू घेऊन धानोऱ्याला गेले. फुई अर्धी झालेली. मी आले म्हणून ती मला गावच्या मारुतीला घेऊन गेली. डोकं टेकवायला वाकली, आणि उठली तेव्हा डाव्या नाकपुडीतून तीच पिवळी धार. तिनं घाईघाईनं पदर लावला. मी तिथंच थांबले. इथे देवळात कुठली आली मिरची? मळ्यातही नाही, गावातही नाही. महिनाभर मिरचीचं देठ हातात नाही, तरी वाकलं की धार आहेच. म्हणजे दोष मिरचीचा नाही, वाकण्यानं फक्त आतलं बाहेर येतंय. मग आत ते साठतंय कशानं?

तेवढा विचार घेऊन मी तिच्याबरोबर मळ्यावर परत आले, आणि मग जेवताना तिच्याकडे नीट पाहिलं. भाकरी ती फक्त उजवीकडून चावत होती. हात धुऊन लगेच तिनं मिसरीची डबी काढली. मिसरी म्हणजे तव्यावर जाळलेल्या तंबाखूची भुकटी. आमच्याकडे सगळ्याच बायका सकाळी दातांना लावायच्या, त्यात नवल नव्हतं. पण फुईनं जेवल्यावर लावली, दुपारी लावली, दिवेलागणीला लावली. दर वेळी बोट डावीकडे, वरच्या मागच्या दाढेवर.

"फुई, दाढ दुखते?"

"नही व."

"किती दिवसांपासून नाही?"

तिनं मिसरीची डबी मिटली. म्हणाली, "गुदस्ता दुखे. मंग मिसरी लावाले लागनू. मिसरी लावी का काहीच दुखत नही."

अस्सं! वर्षभर मिसरी लावून दाढेचं तोंड बंद केलेलं, आणि आम्ही बिचाऱ्या मिरचीला झोडपतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी त्याच पावली गाडी जुंपायला लावली. फुई म्हणाली, दाढेचा नि नाकाचा काय संबंध? मलाही ठाऊक नव्हता. पण मला राग आलेला होता, आणि राग आला की मी कोणाचं ऐकत नाही.

डॉक्टरपुढं उभी राहून मी सगळं एका दमात सांगून टाकलं. देवळातली धार, डावीकडची दाढ, मिसरी, मेलेला उंदीर. "तुम्ही मिरची सोडा म्हणालात. सोडली. आता सांगा, देवळात मिरची कोणी सांडली?" बाहेर बसलेले रोगी आत डोकावायला लागले. तो भला माणूस चिडला नाही. "बेन, जरा बसा तर," म्हणाला, आणि चमच्याच्या दांड्यानं फुईच्या एकेका वरच्या दातावर टकटक करत गेला. त्या दाढेवर टकटक झाली मात्र, फुई बाकावरून ताडकन उडाली.

मग त्यानं एक गंमत केली. खिडक्या लावून खोलीत अंधार केला, फडक्यानं पुसून एक बारकी बॅटरी फुईच्या तोंडात धरली आणि ओठ मिटायला सांगितले. बाई गं! तिचा उजवा गाल डोळ्याखाली आतून तांबडा उजळला. डावा मात्र काळा तो काळाच.

"दिसलं?" डॉक्टर म्हणाला. खिडक्या उघडून त्यानं मला समजावलं, आणि इतकं सोपं करून की मी आजही कोणालाही सांगू शकेन. गालाचं हाड भरीव नसतं. आत एक पोकळ खोली असते, दोन्ही बाजूंना एकेक. तिची खिडकी नाकात उघडते, पण ती असते वर, छताजवळ. एरवी आतलं पाणी त्या खिडकीतून निघून जातं. पडसं झालं की खिडकीच्या कडा सुजतात, पाणी अडतं, नासतं, आणि गाल ठणकतो. बहुतेकांचं पडसं उतरलं की सूज उतरते आणि सगळं वाहून जातं. पण त्या खोलीची जमीन म्हणजे वरच्या दाढांची मुळं. दाढ मुळातून सडली तर पू वर खोलीत शिरतो, मग कितीही वाफ घ्या, खालून भरणं चालूच. माणूस ताठ बसला की पू आत बसून राहतो, वाकला की खिडकीपर्यंत येऊन बाहेर सांडतो. आणि सडका वास ज्याचा त्यालाच आधी येतो.

"आणि मिरची?" फुईनं विचारलं. तेवढाच तिचा प्रश्न होता.

"मिरचीनं शिंका येतात, दोन्ही नाकपुड्या चुरचुरतात, पाणी वाहतं. धुरळ्यात रोज बसलात तर नाक सुजतंही, तेव्हा तोंडाला फडकं बांधत जा. पण हा पू मिरचीचा नाही," डॉक्टर म्हणाला, आणि मग मान हलवून, "चूक माझीही झाली. या गावात नाक दिसलं की आम्ही मिरचीच बघतो."

दाढ त्यानंच काढली. फुईनं माझं मनगट धरलं होतं, त्याचे वळ चार दिवस होते. दाढेमागून जे आलं त्याचा वास मात्र या वेळी सगळ्यांना आला. मी भोवळ येऊन भिंतीला टेकले आणि फुई रक्तानं भरलेल्या तोंडानं मला म्हणाली, "आते सापडना का उंदीर?"

दाढेच्या जागी पडलेल्या भोकातून रोज मिठाच्या कोमट पाण्याची पिचकारी मारायचं काम माझ्याकडे आलं. पाणी तोंडातून आत जायचं आणि नाकातून बाहेर यायचं. पहिल्या आठवड्यात तिनं चहाचा घोट घेतला तर तोही नाकातून आला, आणि आम्ही दोघी हसून हसून लोळलो. हळूहळू भोक मिटलं, ठणका गेला, धार गेली, उंदरासारखा वास गेला.

पण दुसरा वासही येईना. कशाचाच नाही. डॉक्टर म्हणाला, सूज उतरली की येईल, कदाचित येणारही नाही. फुई चुलीजवळ बसून राहायची. एक दिवस म्हणाली, "सडका व्हता, पन वास तं व्हता."

मग तिनं मला कामाला लावलं. रोज सकाळी मी दोन मुठी मिरची घ्यायची, एक कडक वाळलेली, एक रात्रभर ओल्या फडक्याखाली ठेवलेली. ती डोळे मिटून हुंगायची आणि सांगायची. चुकायचीच. तिची ती वाकलेली मान बघवेना, म्हणून एकदा ती चुकली तरी मी म्हटलं, "बरोबर, फुई."

तिनं डोळे उघडले. हात पुढं करून मिरची चिमटीत मोडली. वाळलेली मिरची कडकन मोडते, ही वाकली. "माले खोटं नको सांगू," ती म्हणाली. "आख्खा गाव सांगे ते खोटं चाली गयं. तू नको सांगू." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. म्हटलं, मला तुमचं नाक नको, तुम्ही हव्या आहात. ती म्हणाली, ते माहीत आहे, पण मला नाक हवंय. दुसऱ्या दिवसापासून मिरची फडक्यात बांधून द्यायची, असा हुकूम झाला, म्हणजे हाताला कळायला नको.

होळीला चारेक दिवस राहिले असतील. हंगाम संपत आलेला. मी स्वयंपाक करत होते तर ओसरीवर फुई नाही. चपला नाहीत. मी तशीच पिठाच्या हातांनी पथारीवर धावले.

ती शेवटच्या ढिगापुढं उभी होती, तोंडाला बांधलेलं फडकं गळ्यात उतरवलेलं. बायका हात थांबवून बघत होत्या. शेठही बाजूला उभे. पोती भरायला तयार होती. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला, मूठ काढली, डोळे मिटून नाकाशी धरली. मी मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलले, म्हटलं, चुकू दे, पण इतक्या माणसांत नको चुकू दे.

"आतून वली शे," फुई म्हणाली. "पसरा."

शेठनी स्वतः ढीग फोडला. तळची मिरची हातात घेऊन वाकवली. ती मोडली नाही.

फुई काही बोलायला गेली, आणि शिंकली. कितीतरी महिन्यांनी, दोन्ही नाकपुड्यांनी, चांगली सणसणीत तीनदा. सगळी पथारी हसली. फुईनं मला पाहिलं, माझे पिठाचे हात पाहिले, आणि रडत रडतच दटावलं, "काय देखी ऱ्हायनी व? मिरचीनी शिंक शे. धरतस नही."

मी मात्र ती धरली. घरी येऊन देवापुढं साखर ठेवली. चुलीवर भाकरी करपून कोळसा झाली होती, आणि ते मला फुईनं गल्लीच्या तोंडाशीच सांगितलं होतं.